उरलेली टेप

कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओतून सगळ्यात जास्त फायदा मुकेशचाच होता. मुंबईच्या एका चॅनलने दिग्दर्शकाला नोकरी देऊ केली होती आणि दिग्दर्शक म्हणून नाव त्याचंच लागणार होतं. कॅमेरा जयदेवचा, एडिटिंगही जयदेवचं. "एडिटरचं नाव कोण वाचतं रे?" मुकेश विचारायचा आणि हसायचा. जयदेवही हसायचा.

फायटिंगचा एकच शॉट राहिला होता. त्यासाठी मुकेश, जयदेव आणि हिरो सनी असे तिघंच जांभूळ गावाजवळच्या दगडखाणीत गेले. तिथे मुकेश सनीला म्हणाला, "हिरो कसला, हमाल वाटतोयस!" आणि खरीच जुंपली.

संध्याकाळी गुराख्याला मुकेशचं प्रेत सापडलं. डोकं फुटलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सनी उल्हासनगरला, जयदेवच्या मामाच्या फोटो स्टुडिओत आला. घामाने निथळत.

"जय्या, तेव्हा कॅमेरा चालू होता काय रे?"

"स्टँडवर होता. चालूच राहिला."

"दाखव."

टेप कॉम्प्युटरवर उतरवायची तर ती पूर्ण चालू द्यावी लागते, घाई करून भागत नाही. दोघं बघत बसले.

पडद्यावर सनीने बांबू उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. मुकेश गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्त ओघळलं. तिसऱ्या फटक्याला तो आडवा झाला. सनीने वरून बरगडीत लाथ घातली. "उठ ना साल्या, उठ!" तो उठला नाही. सनी बांबू टाकून पळाला. बाईक सुरू झाल्याचा आवाज आला.

"बंद कर!" सनी ओरडला. "भाई, बंद कर ना. नाय बघवत मला."

जयदेवने लगेच बंद केलं.

"पोलिसांनी तुला विचारलं तर?"

"तुझ्या मागोमाग मीपण निघालो, एवढंच सांगीन. दोस्त आहेस तू."

सनी त्याच्या गळ्यात पडून रडला.

पण मुकेशच्या आईचा, कुंदाताईंचा आक्रोश सनीला सोसवेना. दोन दिवसांनी तो आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला. "मीच मारला," म्हणाला.

ते कळल्यावर जयदेवने स्टुडिओचं दार आतून लावलं आणि पुसण्याआधी उरलेली टेप एकदा बघून घेतली. बाईकचा आवाज विरला. मुकेश कण्हत उठून बसला, कानावरचं रक्त पुसलं, कॅमेऱ्याच्या दिशेने पाहून चिडला. "बघत काय बसलायस जय्या? पाणी दे ना!" दोन्ही हातांनी दगड उचलून जयदेव फ्रेममध्ये शिरला. जन्मठेप सनीने भोगली.