टायगरचं पथ्य

निमोण्याच्या सोपानरावांच्या टायगरला आतड्यांचा जुनाट आजार आहे. मऊ भात आणि उकडलेलं चिकन सोडून त्याला काही दिलंत तर कुत्रं हातचं जाईल, असं शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तेव्हा सोपानराव गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन होते. सहीसाठी येणारा प्रत्येक जण आधी कुत्र्याला भेटायचा, आणि रिकाम्या हाताने कुणी भेटायचा नाही.

"अवो भाऊजी, त्याला पेढा पचत न्हाई," सोपानरावांच्या पत्नी धुरपदावहिनी कळवळून सांगायच्या.

"एकानं काय व्हतंय वहिनी? चेअरमनचा टायगर म्हंजी आख्ख्या गावाचा टायगर!"

आख्खं गाव पेढा भरवून निघून जायचं. मागाहून अंगण धुवायला आणि टायगरला सलाईन लावून आणायला मात्र एकट्या वहिनी. बिचाऱ्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतका तो वाळला होता.

मग निवडणूक झाली आणि सोपानराव पडले. अंगणात चिटपाखरू फिरकेना. दोन महिन्यांत टायगरने असं अंग धरलं की डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध चालू केलंत?"

काल सकाळी वहिनी अंगणातून रडवेल्या होऊन ओरडल्या, "अवो, टायगरला परत जुलाब लागलं!"



सोपानराव ताडकन उठून बसले, "कोण येऊन गेलं गं?" म्हणाले, आणि कपाटातला कडक इस्त्रीचा शर्ट शोधू लागले.