चौथ्या गाण्यानंतर

चौथं गाणं संपलं आणि करिश्माच्या आईनं श्वास रोखून धरला. मानपाड्याच्या त्या स्टुडिओत ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. आता येईल. आत्ता येईल. स्पीकर दोन-तीन सेकंद नुसताच गप्प राहिला आणि लगेच पाचव्या गाण्याचा बँजो सुरू झाला.

शेजारी प्रभाकरदादा डोळे पुसत होते. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. एके काळी ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत ‘नवलाई पार्टी’च्या कॅसेटशिवाय एक हळद होत नव्हती, आणि पार्टीचे मुख्य गायक म्हणजे हे दादा. ही आठ गाणी शेवटची. रेकॉर्डिंग झालं आणि महिन्याभरात पार्टीचा ढोलकीवाला गोविंदा शीळफाट्याला ट्रकखाली गेला. पार्टी मोडली. कॅसेट निघालीच नाही, टेपचं रीळ दादांच्या माळ्यावर तीस वर्षं पडून राहिलं. आता स्टुडिओवाल्या सुदेशनं त्यातून गाणी सोडवली होती, आणि पुढच्या महिन्यात ती मोबाईलवर कोणालाही ऐकता येणार होती.

करिश्माची आई म्हणजे त्या गोविंदाची बायको. खरं सांगायचं तर तिला गाण्यांचं काही पडलं नव्हतं. गाण्यांत गोविंदाचे नुसते हात होते. गडी जन्मात कधी गायला नाही. चेहरा फोटोत होता, आवाज कुठेच नव्हता. लग्नाचा व्हिडिओ काढायची तेव्हा कोणाची ऐपत होती? आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं, की तो आवाज आपण साफ विसरलोय. त्या दिवशी तिनं स्वतःला काय कमी शिव्या घातल्या? पण गेलेला आवाज शिव्या घालून परत येत नाही.

तरी एक गोष्ट तिनं मनात जपून ठेवली होती. लग्नात गोविंदानं तिचं नाव घेतलं नव्हतं. उंबऱ्यात बहिणींनी अडवलं, उखाणा घे म्हणून बायांनी गलका केला, आणि ह्या बाबाची दातखीळ बसली. शेवटी आत्यानंच दोघांना आत ढकललं. तिनं त्याचं नाव शंभरदा घेतलं असेल. त्यानं एकदाही नाही. हाक मारायचा तीही ‘अगं’, आणि पोर झाल्यावर ‘करिश्माची आई’. मग त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तो घरी आला तो लाजतच. चौथ्या गाण्यानंतर पार्टीच्या पोरांनी धरलं, माईक चालूच होता, घेतलं शेवटी तुझं नाव, म्हणाला. मग मलाही ऐकव, म्हणून तिनं हट्ट धरला.

“एकदाच घेतलंय,” तो बोलला. “आता ते मशीनमदी हाय. तिथंच आयक.”

त्यानंतर तिची आई गेली, आणि तिला नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नाही. वहिनी झाली, काकू झाली, मावशी झाली. नाव होतं ते रेशनकार्डावर.

बरं, सांगायची संधी आली नव्हती असंही नाही. रीळ सुदेशच्या हातात दिलं तेव्हा ती तिथंच होती. ओल लागून टेपवरचा मसाला सुटलाय, असं सुदेश म्हणाला होता. टेप गरम करून एकदा वाजेल, मग संपली. आणि त्यानं चांगलं विचारलं होतं, मावशी, काही खास सांभाळायचंय का? समोर दादा बसलेले, बाजूला जावई. पंचावन्न वर्षांची विधवा बाई काय सांगणार, नवऱ्यानं घेतलेलं माझं नाव ऐकायचंय म्हणून? तुला बरं वाटेल तसं कर, म्हणाली ती. जल्ली ती लाज!

आठवं गाणं संपलं. टाळ्या झाल्या, दादांनी सुदेशला मिठी मारली, आणि सगळ्यांना घेऊन ते खाली चहाला गेले. गुडघे दुखतात म्हणून ती मागे राहिली. दार लागल्यावर तिनं जमिनीकडे बघत विचारलं, गाण्यांच्या मधी ते बोलत असतील, ते नाय लावलंस?

सुदेशला बरंच वाटलं. कोणीतरी त्याच्या मेहनतीचं विचारत होतं. मधली बडबड काढायलाच दोन दिवस गेले, म्हणून तर गाणी एवढी स्वच्छ वाटतात, असं तो कौतुकानं सांगू लागला. रीळ वाजता वाजताच झडून गेलं होतं. कच्ची फाईल होती, पण दादांनी पसंत केल्यावर त्यानं ती उडवली. कॉम्प्युटरमध्ये जागाच नव्हती. त्याचं काय चुकलं? त्याला बरं वाटेल तसं करायलाच सांगितलं होतं.

मग तिनं एवढंच विचारलं, की काढायच्या आधी तू ते ऐकलंस का?

“ऐकलं ना. मस्करी चाललेली त्यांची. एक जण उखाणा घेत होता, असला लाजत होता! उखाणा काय होता ते गेलं डोक्यातून, नाव तेवढं राहिलं. सगुणा.” सुदेश हसला. “कोण होती हो मावशी ती?”

तिनं पदर सारखा केला.

“असंल कोनाची तरी बायको,” ती म्हणाली.