निळा पत्रा

वनखात्याचे नवे साहेब टेकडीवरची जगलेली झाडं मोजायला आले, तेव्हा लावणीवरची मजूर चंदाबाई आपणहून पुढे झाली. आधीची दोन वर्षं उंदरांनी किंजळीच्या कोवळ्या रोपांची साल बुंध्याशी गोल कुरतडली आणि रोपं उभ्या जागी वाळून गेली. यंदा प्रत्येक बुंध्याला निळ्या पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. “पत्र्यापुढं उंदराचं काय चालत न्हाय. दिवेआगरच्या वाडीत नारळाला आमी पत्राच ठोकतो,” ती म्हणाली. साहेबांनी वाकून पाहिलं, तर पट्टीवर जुन्या खिळ्यांची भोकं होती. “मावशी, एवढा पत्रा कुठून आणलात?” “माझ्या घराचं छप्पर हाय ते. वादळात उडून या उतारावर पडलं. सगळी म्हणाली, भंगारात दे. मी न्हाय दिलं.” साहेबांनी वही उघडली. “वीस पावसाळे ह्या पत्र्यानं माझी तीन पोरं राखली, साहेब. आता मोजा, किती राखतोय.”