पहिले दहा सेकंद

"व्हिडिओ चाळीस फ्रँक. पहिले दहा सेकंद फुकट," पॅराग्लायडिंगच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

चाळीस गुणिले शंभर. चार हजार रुपये! स्वित्झर्लंडभर मी कॉफीसुद्धा अशीच गुणून नाकारली होती. फुकटाचं तेवढं बघितलं.

पडद्यावर खोल हिरवी दरी. वर तरंगत माझी बायको मागच्या गोऱ्या पायलटला मराठीत सांगत होती, "तुला कळणार नाही म्हणून बोलते. सांगलीला परतलो की मी ह्यांना सोडून जाणार आहे. कारण—"

चित्र थांबलं.

मी घाईघाईने कार्ड पुढे केलं. पिन आठवेना.

हेल्मेट काढत बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"अहो, कारण ऐकायला पैसे कशाला भरता?" ती म्हणाली. "मला विचारा ना. एकदा तरी."