शेवटची नळी

निळ्या उजेडात शेवटच्या नळीचीही पट्टी चमकली आणि नंदिताचं डोकंच फिरलं. आधीच्या पट्ट्या उमटणारच होत्या. खाडीकाठच्या पाड्यावर पटकीनं दगावलेल्या माणसांचे ते नमुने. त्या जंतूचं विष बनवणारं जनुक एका जागी बदललं होतं, आणि तो बदल असेल तरच अशी पट्टी उमटायची. शेवटच्या नळीत मात्र नमुनाच नव्हता. चाचणी चोख आहे ना हे कळावं म्हणून तिच्यात नुसतं शुद्ध पाणी घालायची पद्धत होती.

"लोंढे, हात गचाळ चालतोय तुमचा," ती तंत्रज्ञाला म्हणाली. "पाड्यावरचा नमुना उडालाय यात."

"नाही मॅडम. ती नळी मी आधीच भरून बंद केली होती. नमुन्यांचा डबा नंतर उघडला." लोंढे जरा घुटमळले. "शुद्ध पाण्याची बाटली संपली होती, म्हणून व्हरांड्यातल्या फिल्टरचं घेतलं. आपण पितो तेच."

सवयीनं नंदिताचा हात टेबलावरच्या तांब्याकडे गेला आणि वाटेतच थबकला. तांब्या अर्धा झाला होता.

दाराबाहेर, बाळंतिणींच्या वॉर्डासमोर, कुणीतरी फिल्टरचा नळ सोडला. भांडं भरत आल्याचं नुसत्या आवाजावरून कळत होतं. नंदिता दाराकडे धावली.

बाहेर नळ बंद झाला.