आटलेल्या तळ्याचं वळण

शिंपीणबाईंनी साहेबांची जीप वळणावरच अडवली. मागच्या वर्षी धुक्यात त्यांच्या थोरल्याची दुधाची व्हॅन इथेच उलटली आणि तो गेला. उद्यापासून धाकटा त्याच डेअरीची व्हॅन घेऊन याच रस्त्याने जाणार होता. दुसरं काम त्याला मिळेना, आणि आईचं तो ऐकेना. बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. मागणं एकच होतं: रस्ता सरळ करा.

रस्तेखात्याचे साहेब भले होते, हीच पंचाईत. खेकसले असते तर निदान भांडता आलं असतं. ते खाली उतरले आणि मन लावून समजावू लागले. हा रस्ता फार जुना, राजेरजवाड्यांच्याही आधीचा. इथे मोठं तळं होतं. त्याला वळसा घालून आधी मिठाचे बैल गेले, मग फौजा, मग टपालगाड्या. तळं केव्हाच आटलं, पण चाकोरी तीच राहिली. तिच्यावरच खडी पडली, तिच्यावरच डांबर. आता हा पुरातन मार्ग ठरलाय, कायद्याने तो हातभरही हलवता येत नाही. सांगता सांगता साहेबांना चांगलाच रंग चढला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ते ओशाळले.

"पाटी लावलीय ना," ते म्हणाले. "अजून एक लावतो."

"पाटी तेव्हाही होती. तिच्यावरच आदळला तो."

वळणाच्या आत, जुन्या तळ्याच्या जागी, कापणी झालेलं गव्हाचं शेत होतं, बाई तिकडेच बघत राहिल्या. बसा, घरी सोडतो, असं साहेब म्हणाले. बाई बसल्या नाहीत. बांध ओलांडून त्या शेतात उतरल्या आणि नाकासमोर चालू लागल्या.

साहेबांनी जीप वळणावरून हळूहळू पलीकडे नेली. तिथून पुढे त्यांना जाववेना. गाडी बाजूला घेऊन ते थांबले. उन्हातून, ढेकळांतून अडखळत बाई येत होत्या. मधे ना दगड आला, ना झाड, ना खड्डा.

धापा टाकत त्या रस्त्यावर चढल्या. जीपला एक हात टेकून त्यांनी चप्पल काढली आणि तळपाय साहेबांसमोर धरला.

"बघा साहेब," त्या म्हणाल्या, "कोरडा आहे."