तासभर बोलायचं नाही

“तोंड उघडू नका!” बायको दारातूनच ओरडली, आणि काहीतरी सांगू पाहणाऱ्या वकीलसाहेबांनी तोंड मिटलं.

ती नुकतीच हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म भरून आली होती. तिथली बाई फोनवर कुणाला तरी ‘गाडी अडकली कुठे?’ म्हणून झापत होती. इथे साहेबांच्या हाताला सुई लावून वर पट्टी चिकटवलेली. भिंतीवर सूचना होती: इंजेक्शननंतर तासभर बोलू नये. किरणोत्सारी औषध साखरेसारखं असतं. बोललं की घशाचे स्नायूच ते खाऊन टाकतात आणि स्कॅनमध्ये गाठ नीट दिसत नाही.

एक अख्खा तास! एकतीस वर्षांत या माणसाने तिचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं. तिने खुर्ची पुढ्यात ओढली.

“आज ऐकायचं. लेकीचं लग्न तुम्हाला पसंत नव्हतं, म्हणून तिच्या तोंडावर दार लावलंत. मला विचारलंत? ‘तुला काय कळतंय!’ आठ वर्षं मी बाथरूममध्ये नळ सोडून तिच्याशी फोनवर बोलतेय. पोटच्या पोरीशी, चोरासारखी! लाज वाटत नाही तुम्हाला?”

त्यांचे ओठ हलले.

“गप! गाठ कुठवर पसरलीय ते दिसल्याशिवाय नवं औषध सुरू होणार नाही, डॉक्टरांनी बजावलंय.”

ते गप्प बसले. संतापाने तिचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. नातवाचे दुधाचे दात पडायला लागले. आजोबांचा फोटो बघून तो ‘हे कोण?’ विचारतो. तिने सगळं सांगून टाकलं.

“आणि मी तिला बोलावलंय. आज संध्याकाळी येतेय, पोराला घेऊन. दार मी उघडणार. चालेल?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते.

“हलवा मान! बोलता येत नाही म्हणून. घरी गेलं की पुन्हा तोच सूर लावाल.”

तेवढ्यात तंत्रज्ञ मुलगी शिशाचा जड डबा घेऊन आत आली.

“सॉरी काका, औषधाच्या गाडीला फारच उशीर झाला. काकू, तुम्ही आता बाहेर बसा. औषध टोचल्यावर इथे कुणाला थांबू देत नाही आम्ही.”

“टोचल्यावर? अजून टोचलंच नाही?”

“छे! मघाशी नुसती सुई लावून ठेवली होती. काकांना तेव्हाच सांगितलं होतं मी, औषध येईपर्यंत खुशाल बोला.”